संत्रं, लिंबू आणि वरती थोडा पुदिना

साडूने त्या दिवशी अंगाला काहीतरी फवारलं होतं. जेवणाच्या टेबलाभोवती सगळ्या बायका त्याला "काय मस्त वास येतोय हो" म्हणत होत्या. हेडक्लार्कची बायको तेवढी नुसती हसली. त्या हसण्याचा हेडक्लार्कनी आपल्या परीने अर्थ लावला (एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी सगळे अर्थ असेच परस्पर लावले होते) आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ते थेट सेंटच्या दुकानात शिरले.

काउंटरवरच्या मुलीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एक हिरवी बाटली पुढे केली. खास पुरुषांसाठी, खास उन्हाळ्यासाठी. संत्रं, लिंबू आणि वरती थोडा पुदिना. चोपन्नाव्या वर्षी चालेल का, असं त्यांनी हळूच विचारलं. चालेल म्हणाली ती, पण 'काका' लावून म्हणाली.

पहिल्या दिवशी दोन फवारे मारून ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. बायको म्हणाली, "जरा सरका, उजेड अडतोय." दुसऱ्या दिवशी चार फवारे झाले. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी मोजणं सोडलं. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या रिटायर्ड बाईंनी, आज लिफ्ट कुणी धुतली म्हणून त्यांच्याकडेच चौकशी केली. त्यांच्या वीज कंपनीच्या ऑफिसात मीटर तपासायच्या बंद खोलीत साहेबांना लागोपाठ अकरा शिंका आल्या आणि हेडक्लार्कचं टेबल खिडकीपाशी, म्हणजे भर उन्हात गेलं. अख्ख्या दुनियेला वास येत होता. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती मात्र शेजारी बसून मटार सोलत होती.

हेडक्लार्क आतून आंबत चालले. आपण मेलो तरी हिला चार दिवसांनी कळेल, इथपर्यंत त्यांची मजल गेली. ती या दिवसांत नेहमीपेक्षाही कमी बोलत होती. तेही त्यांनी तिच्याच गुन्ह्यांत धरलं.

नवव्या दिवशी रविवार होता. पेपर वाचता वाचता त्यांना करपल्याचा वास आला. आत जाऊन बघतात तर भाजी तळाला लागलेली, आणि बायको तिच्यापासून दोन हातांवर, पाठमोरी, निवांत फडताळ पुसत होती.

"नाक कुठे ठेवलंयस?" ते कडाडले.

तिने वळून गॅस बंद केला. "नाक जागेवर आहे. वास येत नाही त्याला. दोन वर्षं झाली, त्या तापापासून. सांगितलं होतं तुम्हाला."

"कधी?"

"तीनदा. आता तो परत येणं कठीण आहे असं डॉक्टर म्हणाले, त्या दिवशीही सांगितलं. तुम्ही 'बरं' म्हणालात."

हेडक्लार्क स्टुलावर बसले. दोन वर्षांत 'करपलंय' म्हणून किती वेळा ताट सरकवलं होतं, ते त्यांना आठवायला लागलं. ती रोज सकाळी दुधाचं पातेलं घेऊन वरच्या बाईंकडे जाते ती दूध नासलंय का हे विचारायला, हेही त्यांना आत्ताच उमगलं.

"अगं, पण मग मी नऊ दिवस हे सेंट लावतोय, ते..."

"तेही कळलं मला. वरच्या बाईच म्हणाल्या." तिने करपलेलं पातेलं सिंकमध्ये ठेवलं आणि नळ सोडला. "मला वास येत नाही हे तुम्हाला ठाऊक, तरी तुम्ही रोज अंगभर फवारून जाता. म्हणजे माझ्यासाठी नाही, एवढं मला समजतं. कोण आहे ते मी विचारणार नाही."

हेडक्लार्कना दरदरून घाम फुटला (तोही लिंबाच्या वासाचा). त्यांनी साडूचं सांगून पाहिलं, साहेबांच्या शिंका सांगितल्या, उन्हातलं टेबल सांगितलं. ती पातेलं घासत राहिली. आपल्या बाजूने एकही साक्षीदार नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि तेवढ्यात त्यांना पुरावा सापडला.

"अगं, मला ठाऊकच नव्हतं! तू सांगितलंस तेव्हा माझं लक्षच नव्हतं. तीनदातलं एकदाही मी ऐकलेलं नाही, देवाशप्पथ!" सुटकेच्या आनंदात ते जवळजवळ ओरडलेच.

तिचा घासणारा हात थांबला. तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"हं," ती म्हणाली, "हे मात्र पटतंय."