खुनी आधी सांगणारे वाघमारेकाका

वाघमारेकाकांच्या हातात रहस्यकथा दिसली, की आपण कानांवर हात ठेवावेत. खुनी कोण, हे ते नमस्काराच्याही आधी सांगून टाकतात.

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही काहीजण महिन्यातून एका रविवारी जमतो. सगळे एकाच विज्ञानकथालेखकाचे भक्त. त्यांच्या यानांवरून आणि यंत्रमानवांवरून आमची कडाक्याची भांडणं होतात. उमेदवारीच्या काळात त्यांनी काही रहस्यकथाही लिहिल्या होत्या, पण त्या कथांना कुणी फारसं विचारत नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या वाघमारेकाकांचा जीव मात्र त्यांच्यातच. "यान काय, कुणीही उडवतं," ते म्हणतात. "बंद खोलीतून खुनी बाहेर काढून दाखवा."

शेवटी आम्ही त्या वाचायला घेतल्या. केतकी आमची सेक्रेटरी, आयटीतली. तिनं पहिलं पुस्तक उघडलं आणि काकांनी शांतपणे जाहीर केलं, "खुनी डॉक्टर आहे. आता निवांत वाचा." पुढच्या वेळी जावई. त्याच्या पुढच्या वेळी खुद्द मयताचा वकील. सगळा सस्पेन्सच जातो, असं केतकीनं समजावून पाहिलं. त्यावर, खुनी कळल्यावर ज्यात काही उरत नाही ते पुस्तक नव्हे, शब्दकोडं, असं उत्तर मिळालं.

मंडळी वैतागली. काकांनी तोंड बंद ठेवावं, नाहीतर येऊ नये, असं ठरलं. हे सांगायची कामगिरी माझ्या गळ्यात पडली, कारण मी त्यांच्या शेजारी राहतो. ही बैठक सोडली तर काका कुठेच जात नाहीत, हेही मलाच ठाऊक होतं.

गेलो. काकांनी चहा टाकला. विषय कसा काढावा ते सुचेना, म्हणून ही सवय कधीपासूनची, एवढंच विचारलं.

"मंदा गेली तेव्हापासून," ते म्हणाले.

मंदाकाकू म्हणजे त्यांची बायको. ही पुस्तकं आधी काका वाचायचे, मग काकू, आणि मग जेवताना दोघांचा वाद. काकूंना हॉस्पिटलात ठेवलं, तेव्हाही त्यांचं एक पुस्तक अर्धं वाचून झालं होतं. पुढे त्यांना ते हातात धरवेना. खुनी कोण, एवढं तरी सांगा, म्हणून त्या मागे लागल्या.

"मी म्हटलं, घरी चल आणि स्वतः वाच. वाटलं, त्या ओढीनं तरी बरी होईल." काका कप विसळू लागले. "सांगून टाकायला हवं होतं हो."

मंडळींचा निरोप न सांगताच मी घरी आलो आणि केतकीला फोन करून सगळं सांगितलं. संध्याकाळी ग्रुपवर तिची सूचना आली: 'ज्यांना खुनी आधी कळायला नको असेल, त्यांनी बैठकीला दहा मिनिटं उशिरा यावं.'

पुढच्या बैठकीला कुणीही उशिरा आलं नाही.