गुरुजी उठले, पण कसे?

माझ्या पोटातलं गुपित बाहेर काढायचं तर ऑपरेशनच करावं लागेल, तोंडावाटे ते यायचं नाही! म्हणून तर आमच्या संपादकसाहेबांनी मला एकट्याला आत बोलावून दार लावून घेतलं.

मी 'तुफानवीर' या मासिक चित्रकथेची चित्रं काढतो. गेल्या अंकात तुफानवीराचे गुरुजी बुरुजावरून पडून वारले आणि वाचक असे खवळले, जणू मीच त्यांना ढकललं!

"गुरुजींना जिवंत करा," साहेब कुजबुजले. "पण अंक निघायच्या आधी बातमी फुटली, तर तुमची नोकरी गेली म्हणून समजा!"

"साहेब, भिंतीलासुद्धा पत्ता लागणार नाही!"

आठवडा नाही झाला, तोच इस्त्रीवाला शर्ट हातात देत म्हणाला, "काय मग, गुरुजी उठणार म्हणे!"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. फितूर कोण? साहेबांखेरीज हे ठाऊक होतं फक्त दोघांना. फुग्यांतले संवाद लिहिणारे अक्षरकाका आणि चित्रांत रंग भरणाऱ्या रंगताई. काका हल्ली जरा जास्तच गोड बोलत होते. ताई मुळीच बोलत नव्हत्या. मला दोन्ही लक्षणं वाईट वाटली.

मग मी सापळा लावला. गुरुजी उठतायत, एवढंच चित्र काढलं. ते कशामुळे उठतात, हे मात्र प्रत्येकाच्या कानात वेगळं सांगितलं. काकांना म्हटलं, "वीज पडते." ताईंना म्हटलं, "जादूच्या हिरव्या झऱ्यात बुडवतात." आणि साहेब तरी कशावरून धुतल्या तांदळासारखे? त्यांना सांगितलं, "तुफानवीर आपलं अर्धं काळीज देतो." आता बाहेर जी गोष्ट ऐकू येईल, तिचा मालक चोर!

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून मी इस्त्रीवाल्याच्या दुकानात ठाण मांडलं.

"गुरुजी कसे उठणार, काही कळलं का?" मी उगाच छताकडे बघत विचारलं.

"कसे म्हणजे? टेबलावरून! उठताना कंबर तेवढी धरतात."

टेबल? कंबर? हे तर मी कुणालाच सांगितलं नव्हतं!

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचंय कशाला? सगळी गल्ली बघते की! आत्ताही चालू असेल."

मी धावत सुटलो. आमच्या खिडकीसमोर पंधरावीस माणसं माना उंचावून उभी होती. आत जेवणाच्या टेबलावर माझे सासरे चादरीचा झगा पांघरून डोळे मिटून पडले होते! गुरुजींचा चेहरा मी त्यांच्यावरूनच काढतो. रोज सकाळी त्यांना टेबलावर झोपवून उठवत होतो, तेही उजेड चांगला येतो म्हणून खिडकी सताड उघडी टाकून!

"बाबा, हे काय?"

"सराव करतोय, जावईबापू! कालचं उठणं मनासारखं झालं नव्हतं." ते कण्हत, कंबर धरून उठले. बाहेर टाळ्या पडल्या. त्यांनी गल्लीला हात केला.

बायको म्हणाली, "अहो, असे घामाघूम का झालात? आणि मघाशी ऑफिसचा फोन आला होता. पानं छापायला गेली म्हणे."

छापायला! सापळा काढायचा राहिलाच होता!

अंक आला. मुखपृष्ठावर साहेबांनी मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'शिष्याच्या काळजाने गुरू जिवंत!' आत काकांची वीज 'कडाड्कड्' करत होती आणि ताईंचे गुरुजी नखशिखांत हिरवेगार ठिबकत होते. वीज पडलेला माणूस ओला कसा आणि काळीज गेलं कुठे, हे कुणालाच कळेना. कंबर मात्र गुरुजींनी अगदी हुबेहूब धरली होती.

साहेबांनी मला पुन्हा आत बोलावलं. मी खिशात राजीनामा घेऊनच गेलो.

"हा घातपात आहे!" साहेब गरजले. "ज्याने बातमी फोडली, त्यानेच अंकाचा विचका केला! शोधून काढा त्याला. या ऑफिसात मला फक्त तुमचाच भरवसा आहे."

खरं सांगायला मी तोंड उघडलंही होतं. पण तोंडावाटे माझं गुपित येत नाही म्हणजे नाही!

तेव्हा तपास सध्या माझ्याकडे आहे. काका आणि ताई माझ्याशी फार जपून वागतात, मला आधी चहा देतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण तपास मी इतक्या बारकाईने करतोय, की साहेब निवृत्त होईपर्यंत तो सहज पुरेल.