चार इलेक्ट्रॉन आणि सासूबाईंचे गुडघे

मी बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय. इलेक्ट्रॉनची मांडणी मी दगडालाही शिकवीन, असं शाळेत छातीठोकपणे सांगतो. अपवाद एकच, आणि तो माझ्याच घरात! लेकीचा पेपर परवावर आला होता आणि 'ऑर्बिटल' म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला खरंच काळजी लागली होती.

अशात बायकोच्या माहेरची चार माणसं राहायला आली. सासूबाई, त्यांची धाकटी बहीण, मेहुणा आणि त्याची बायको. आमच्या वरच्या मजल्यावर तीन सारख्या खोल्या. आयता धडाच चालून आला की!

"बघ," मी लेकीला म्हटलं, "खोल्या म्हणजे ऑर्बिटल, पाहुणे म्हणजे इलेक्ट्रॉन. सारख्या खोल्यांत आधी एकेकानं शिरायचं. जोडी नंतर!"

"अहो भाऊजी, आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली!" मेहुणा म्हणाला.

"इलेक्ट्रॉनला लग्न नसतं!" मी त्याची बॅग पहिल्या खोलीत ठेवली, त्याच्या बायकोची दुसऱ्या. तिसरीत सासूबाई. चौथ्या उरल्या मावशी, त्यांना सासूबाईंच्या जोडीला धाडलं. एका खोलीतल्या दोघांची फिरकी, म्हणजे स्वतःभोवती फिरायची दिशा, उलटी हवी, ती या बहिणींची जन्मजातच होती. एकीला पंखा पाचवर लागतो, दुसरीला बंद!

दहा मिनिटांत वर रणकंदन. पंख्याचं बटण चालू-बंद, चालू-बंद. मेहुण्याची बायको मुसमुसत विचारत होती, "आमचं बिनसलंय, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" आणि सासूबाई कठड्याला धरून एकेक पायरी खाली येत होत्या.

"जावईबापू, या गुडघ्यांनी पंधरा पायऱ्या चढायच्या?"

"अहो, खालची खोली रिकामी आहे ना?" बायकोनं विचारलं.

तिथे माझी आरामखुर्ची होती आणि दुपारची झोप.

लेक टाळी वाजवून ओरडली, "बाबा, चुकलात! सगळ्यात खालची पातळी आधी भरायची, मगच वर जायचं!"

तिला समजलं होतं! माझा ऊर भरून आला. तेवढ्यात बायकोनं माझी उशी अंगणात भिरकावली आणि उशीमागोमाग मीही बाहेर गेलो.

थोड्या वेळानं खिडकीत लेक. "बाहेरचा इलेक्ट्रॉन आत येताना काय करतो, बाबा?"

"ऊर्जा सोडतो."

"मग ताठा सोडा आणि आजीची माफी मागा."

मागितली. लेकीला पेपर झकास गेला. पाहुणेही गेले, सासूबाई मात्र महिना झाला तरी माझ्या आरामखुर्चीत आहेत. खालची पातळी सगळ्यात स्थिर असते, हे लेकीनं त्यांनाही शिकवलंय!