रुमालाची मागची बाजू

होळीला आईनं निगम बहनजींच्या हातात पुरणपोळीची ताटली दिली. बहनजींनी पोळी उचलली, उलटी केली, मागची बाजू नीट निरखली आणि म्हणाल्या, "पीछे से ज़रा जल गई है।" मग चार पोळ्या खाल्ल्या.

त्या गेल्यावर आई म्हणाली, "ही बाई शिकवायला येते की जप्तीला?"

शिकवायलाच. नव्वदच्या दशकात बाबांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे आम्ही लखनौला मानक नगरच्या कॉलनीत राहत होतो आणि मी आलमबागच्या बाजूला मुलींच्या हिंदी शाळेत जात होते. तिथे सगळ्या शिक्षिका 'बहनजी'. निगम बहनजी गृहविज्ञान शिकवायच्या, म्हणजे मुख्यतः भरतकाम. हातात येईल ती वस्तू त्या आधी उलटी करून पाहायच्या. वही, पेन, खुर्ची. एकदा स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या खांद्यावरची सत्काराची शाल त्यांनी तिथल्या तिथे उलटून पाहिली होती. पाहुणे दचकले. बहनजी शांतपणे म्हणाल्या, "सामने से तो सभी अच्छे लगते हैं।"

त्यांच्या गळ्यात काळ्या नाडीला एक छोटी कात्री लटकलेली असायची. आम्ही भरलेला रुमाल टेबलावर ठेवायचा. "उल्टा दिखाइए।" रुमाल उलटा व्हायचा. मागे गाठ दिसली, दोरा लोंबताना दिसला, की त्या म्हणायच्या, "माफ़ कीजिएगा," आणि कच्. तीन आठवड्यांचं काम तीन सेकंदांत. आवाज कधी चढायचा नाही. दहावीच्या पोरींनाही 'आप' म्हणायच्या. "आप निहायत बेहूदा टाँका लगाती हैं, बिटिया।" त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माझं गणित चांगलं होतं, हात मात्र लाकडाचा. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बाहेरची परीक्षक येणार होती आणि तिच्यासमोर चिकनकामाचा, म्हणजे लखनवी भरतकामाचा, एक रुमाल ठेवायचा होता. बहनजींचा नियम असा, की त्यांनी पास केलेला रुमालच परीक्षकासमोर जाणार. रुमाल नाही तर प्रॅक्टिकल नाही, आणि प्रॅक्टिकल नाही तर वर्ष गेलं. वर्गातल्या बहुतेकींचे रुमाल पास झाले. माझे तीन कापले गेले. दोन आठवडे उरले.

मी व्यवहारी मुलगी होते. मी आलमबागच्या बाजारात जाऊन रुमाल विकत घेतला.

तोही डोळे झाकून नाही. दुकानदारानं पुढे टाकलेला प्रत्येक रुमाल मी उलटून पाहिला. तो हसला. "अच्छा, पीछा देखने वाली हैं! तो यह देखिए। ऐसा पीछा पूरे शहर में नहीं मिलेगा।" खरंच होतं. एक वेल, पाच पानं, आणि मागची बाजू इतकी साफ की पुढची कुठली ते कळेना. गाठ नाही, लोंबता दोरा नाही. बहनजींना फसवायला यापेक्षा चांगली वस्तू मिळणार नव्हती. मी तो धुतला, थोडा मळवला, पुन्हा धुतला, दुकानातला वाटू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी रांगेत माझा नंबर आला. "उल्टा दिखाइए।"

मी उलटा केला. बहनजींचा हात सवयीनं कात्रीकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. रुमाल खिडकीकडे नेला.

"यह किसका हाथ है?"

"मेरा, बहनजी."

त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं, आता मलाच उलटं करतील.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "तो कल से इंटरवल में मेरे पास बैठिए। ठीक ऐसा ही एक और बनाइए।"

पुढचे बारा दिवस मी शिवणाच्या खोलीत डबा न उघडता बसले. समोर नमुना म्हणून तोच रुमाल. रोज वाटायचं, आज प्रिन्सिपलकडे नेतील, आज बाबांना बोलावतील. बहनजी चोरीबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. फक्त "यहाँ नहीं, यहाँ", आणि माफी मागून कच्. घरी आई विचारायची, "डबा तसाच का येतो गं?" मी म्हणायचे, "भूक नाही."

अकराव्या दिवशी दोरा संपवायला मला जमेना. बहनजींनी माझ्या हातातून सुई घेतली. गाठ न मारता दोरा तीन टाक्यांखालून मागे नेला आणि शेवटी एक अगदी बारीक फुली घालून तोडला. तिळाएवढी फुली. आम्हाला वर्गात ही फुली त्यांनी कधीच शिकवली नव्हती.

मी नमुन्याचा रुमाल ओढला आणि उलटा केला. पाच पानं, पाच फुल्या.

शहरातली सगळ्यात साफ मागची बाजू शोधायला गेल्यावर दुसऱ्या कुणाचा रुमाल सापडणार होता?

"बहनजी, मैंने यह ख़रीदा था।"

"मालूम है।"

"तो काटा क्यों नहीं?"

"कैसे काटती? उल्टा साफ़ था।" त्यांनी सुईत नवा दोरा ओवला. मला वाटलं विषय संपला. मग त्या सुईकडेच बघत म्हणाल्या, "शाम को स्कूल के बाद करूँ क्या? कढ़ाई करती रहती हूँ। घर में नाक एक ही है, बिटिया। कितने रुमाल रखूँ? तो दुकान पर दे आती हूँ।"

त्या विकास नगरला एकट्या राहतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. मान खाली घालून पान पुरं केलं.

बाराव्या दिवशी माझा रुमाल पास झाला. प्रॅक्टिकलला बाहेरच्या परीक्षक बाई आल्या. एका हातात चहा, दुसऱ्या हातानं पटापट मार्क. माझा रुमाल त्यांनी वरवर पाहिला आणि "सुंदर" म्हणून पुढे सरकल्या. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बहनजींचा हात रुमाल उलटायला अर्धवट पुढे आला होता. तो त्यांनी मागे घेतला. मी पास झाले, आणि मला त्या परीक्षक बाईंचा विलक्षण राग आला.

सगळे गेल्यावर मी रुमाल बहनजींपुढे धरला. "यह आप रख लीजिए।"

त्यांनी तो उलटा केला. एका पानाच्या टोकाला दोरा किंचित उरला होता. कात्री वर आली. त्यांनी तेवढंच टोक कापलं, रुमालाची चौकोनी घडी केली आणि कमरेला खोचला.

"टाँका अब भी बेहूदा है," त्या म्हणाल्या. "जाइए, आपकी माँ राह देखती होंगी।"

बाबांची बदली होईपर्यंत मी आलमबागच्या त्या दुकानात दोनदा जाऊन आले. बहनजींचे रुमाल होते, पाच पानांचे, बारीक फुलीचे. मी एकेक उलटून पाहिला. माझा त्यात नव्हता.