गोजराबाई लांडगीची ग्रहणांतील मोहीम

श्रीगणेश, शारदा आणि वेशीवरील थोरला मारुती यांस स्मरोन. साहेबीं पुसिलें कीं गोजराबाई लांडगीची आठवी मोहीम भरदिवसा कैसी जाहली, ती जैसी ऐकिली तैसी निवेदितों. शके १९४८, पराभवनाम संवत्सर, आषाढ अमावास्या, बुधवारीं राजधानीस खग्रास सूर्यग्रहण लागलें. रयतेनें दारें लाविलीं, अन्नपाण्यावर तुळशीपत्रें ठेविलीं आणि हमरस्ते ओस पडले. गोजराबाई इमारतीचे सातव्या मजल्यावर नांदत. पौर्णिमेस लांडगी होऊन शहरांतील भुताखेतांचा समाचार घेणें हा बाईंचा शिरस्ता, आणि घरीं सासूबाईंस तें ठाऊक. परंतु ते समयीं बाई पांच महिन्यांच्या गरोदर, म्हणोन सासूबाई अनसाबाई दारास कडी घालोन उंबऱ्याशींच बसल्या आणि "हलायचं नाही, चिरायचं नाही, लेकराला बाधेल" ऐशी सक्त ताकीद केली.

इतक्यांत उड्डाणपुलाखालील खवीस, जो वर्दळ असतां डोकें वर काढीत नसे, तो रस्ता निर्मनुष्य पाहोन भरदुपारीं बाहेर पडला. मग फाटकावरील पहारेकरी म्हादबा, ज्यानें बाईंचें गुपित तीन वर्षें पोटांत ठेविलें, त्यास तंगडीस धरोन पुलाकडे ओढूं लागला. म्हादबानें किंकाळी फोडिली आणि वर बाईंनीं ती ओळखिली.

"आत्याबाई, कडी काढा. म्हादबा मरेल हो!"

"आणि पोटातलं गं? ग्रहणात गरोदर बाईनं उंबरा ओलांडू नये."

"बाईनं ना? मग लांडगीनं?"

अनसाबाई घोटाळल्या. साठ वर्षें शास्त्र पाळिलें, पण लांडगीविषयीं कोणी कांहीं सांगितलें नव्हतें.

"अगं पण आज अवस. तू लांडगी होशील कशी?"

"चंद्र तर तिथंच आहे की, सूर्यापुढं. होते की नाही, मलाही ठाऊक नाही. बघू तरी!"

मग दोघींनीं पडदा सारिला, आणि खोटें कशास सांगावें, भीतीपेक्षां कुतूहलच भारी जाहलें. सूर्य पुरता झांकला, काळोख पडला, आणि काय नवल, बाईंचे कान लांबले, पाठीवर केस उभे राहिले आणि अंगावरील लुगडें गळोन पडलें. अनसाबाईंनीं कडी काढिली. "जा बाई. पोट सांभाळ."

लांडगी जिने उतरोन धांवली आणि खविसाच्या मनगटास ऐशी डसली कीं तो बोंब ठोकीत पुलाखालीं पळाला आणि म्हादबा वांचला. तोंच सूर्याची कोर उघडली आणि चौकांत लांडगीची पुन्हा बाई जाहली. अंगावर वस्त्र नाहीं, ग्रहण सुटावयास तास बाकी. म्हादबानें भल्या माणसाप्रमाणें भिंतीकडे तोंड फिरविलें. गोजराबाई दोहीं हातीं पोट झांकोन मटकन बसल्या आणि रडूं लागल्या, "आत्याबाई, मी आता बाईच आहे हो!"

तों अनसाबाई, ज्यांनीं जन्मांत ग्रहणीं पाऊल बाहेर टाकिलें नव्हतें, त्या अनवाणी सात मजले उतरोन आल्या आणि लुगडें सुनेभोंवतीं गुंडाळिलें.

"ऊठ गोजरा. शास्त्राचं काय ते माझ्या माथी."

ऐशी मोहीम फत्ते जाहली. पुढें मार्गशीर्षांत कन्या जाहली. अनसाबाईंनीं बोटें मोजिलीं, कान चाचपिले, शेपूट आहे कीं काय तेंही पाहिलें. गुपित जाणणाऱ्या सुईणीनें पुसिलें, "माणूस म्हणायचं की लांडगी?" अनसाबाई बोलिल्या, "ते पुनवेला कळेल. आत्ता भूक लागलीय तिला, आण इकडं."