सध्या वास्तव्य: मुंबई

येरमाळ्याला हायवेलगत प्रेम बिराप्पा देवकते याचं दुकान होतं. जळालेल्या पाण्याच्या मोटारी खोलायच्या, आतली काळी पडलेली तार काढून नवी भरायची आणि मोटार पुन्हा बोअरमध्ये सोडण्यालायक करून द्यायची, असा धंदा. हात चांगला होता. उन्हाळ्यात दुकानापुढं मोटारींची रांग लागायची आणि माणसं 'प्रेमनंच भरलेली पायजे' म्हणून दोन-दोन दिवस थांबायची. घर चार खोल्यांचं, स्लॅबचं. घरच्या बोअरला मे महिन्यातही पाणी. वय एकतीस, व्यसन चहाचं. एवढं सगळं असून त्याचं लग्न जमत नव्हतं, कारण त्याच्यात एक दोष होता: तो जिथं राहत होता, तिथंच राहत होता.

हा दोष आधी कुणाच्या ध्यानात आला नाही. अकरा स्थळं आली, पोहे खाऊन 'कळवतो' म्हणाली आणि कळवलं नाही. प्रेमच्या आईला, सिताबाईंना, वाटलं पोह्यांतच काहीतरी कमी पडतंय. शेवटच्या तीन स्थळांना त्यांनी उपीट केलं. उपीट खाल्लेल्यांनीही कळवलं नाही. दोषाचं अधिकृत निदान झालं ते धाराशिवला, 'मंगलयोग वधू-वर सूचक मंडळा'च्या मेळाव्यात.

मंडळाचे अध्यक्ष व्यंकटराव हे पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. नोकरी सुटली तरी नमुने, रकाने आणि तीन प्रती त्यांना सुटल्या नव्हत्या. मंडळाचा फॉर्म चार पानी होता. त्यात रकाना क्रमांक सात: 'वराचे सध्याचे वास्तव्य: मुंबई / पुणे / इतर'. प्रेमनं सरळ मनानं 'इतर'वर खूण केली. खूण केल्याबरोबर एका कार्यकर्त्यानं त्याला दंडाला धरून मांडवाच्या बाहेर नेऊन बसवलं. आत मुंबईवाल्यांना पंखे होते. पुणेवाल्यांना मुंबईवाल्यांच्या पंख्याची हवा लागत होती. इतरांना सतरंजी होती.

दुपारी उन्हानं डोकं तापल्यावर प्रेम टेबलाशी गेला. "साहेब, म्या नापास झालो का?"

"नापास न्हाय, अपात्र," व्यंकटराव म्हणाले. "नापास माणूस पुन्हा बसू शकतो."

"पण माझं दुकान हाय, घर हाय, बोअरला पाणी हाय..."

"असंल. त्याला रकाना न्हाय." मग त्याचा पडलेला चेहरा बघून त्यांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. "हे बघा, सात नंबर बदलून आणा. समुद्र दिसलाच पायजे अशी अट न्हाय. पत्त्यात मुंबई आली म्हंजे झालं."

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा त्याचे वडील बिराप्पा मेंढरं कोंडून नुकतेच टेकले होते.

"म्या मेंढरं घिऊन निम्मा मुलूख फिरलो," ते म्हणाले. "जिथं काय तरी चरायला हाय, तिथंच मेंढरू जातं. तिथं हाय काय?"

"तिथल्याला पोरी देत्यात," सिताबाई म्हणाल्या.

 बिराप्पा उठून पुन्हा मेंढरांकडं गेले. पुढच्या आठवड्यात प्रेमनं उघडलेल्या मोटारी भरून ज्याच्या त्याला दिल्या, शटर ओढलं, आणि वर लिहिलेलं स्वतःचं नाव एकदा वाचून बसमध्ये चढला.

मुंबई संपल्यावर आणखी तासभर पुढं गेलं की जी वस्ती लागते, तिथं उमरग्याकडचा कल्याणप्पा नावाचा माणूस एक खोली चालवत होता. खोली दहा बाय दहा. गाद्या तीन, पाळ्या तीन. म्हणजे नऊ माणसांची सोय. आठ भरलेली होती, प्रेम नववा. त्याला सकाळी सहा ते दुपारी दोन ही पाळी मिळाली. दोनला पुढचा माणूस येऊन पायापाशी उभा राहायचा आणि खाकरायचा.

आठांपैकी एकाची गावाकडं दोन दुकानं होती, एकाची केळीची बाग होती, एक जण हायस्कुलावर मास्तर होता आणि बिनपगारी रजा घेऊन आला होता. प्रेमला नवल वाटलं. "एवढं असून हितं का आलासा?" त्यानं विचारलं.

"आपण हितं पोटासाठी आलो न्हाय, प्रेमभाऊ," कल्याणप्पा म्हणाला. "पोट गावाकडं भरत हुतं. आपण रकान्यासाठी आलोय."

प्रेमला एका बत्तीस मजली इमारतीच्या पंपघरात काम लागलं. संध्याकाळी बटण दाबून मोटार चालू करायची, पहाटे बटण दाबून बंद करायची. मोटार बिघडली तर हात लावायला मनाई होती, त्यासाठी कंपनीचा माणूस यायचा. तो येऊन चुकीची तार जोडायचा आणि प्रेम हाताची घडी घालून बघायचा. मिळणारा पगार खोलीत आणि जाण्या-येण्यात जिरायचा, म्हणून ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ आणि कारळाची चटणी सिताबाई बसनं पाठवायच्या. थोडक्यात, मुंबईत राहायला परवडावं म्हणून येरमाळा प्रेमला पोसत होतं. समुद्र त्यानं एकदाच, सुट्टीच्या दिवशी पाहिला. एवढं पाणी आणि एकानंही मोटार टाकलेली नाही, हे बघून तो जरा वेळ अस्वस्थ उभा राहिला आणि परत आला.

पण रकाना सात बदलला. आठ दिवसांत तीन स्थळं चालून आली. त्यातलं एक ईट गावच्या बलभीमरावांचं. चाळीस एकर जमीन, दोन ट्रॅक्टर आणि दीपाली ही एकुलती एक मुलगी. हे बलभीमराव पूर्वीच्या अकरांपैकी सातवे होते. येरमाळ्याच्या चार खोल्या त्यांनी स्वतः फिरून पाहिल्या होत्या आणि दोन वेळा पोहे घेतले होते. प्रेमला त्यांनी ओळखलं नाही.

"तुम्हाला कुठंतरी बघितल्यासारखं वाटतंय," ते व्हिडिओ कॉलवर प्रेमकडं निरखून बघत म्हणाले.

"मुंबईत सगळेच असे दिसत्यात, मामा," प्रेम म्हणाला.

बलभीमराव आपल्या दोन भावांना घेऊन घर बघायला आले. त्या दिवशी कल्याणप्पानं बाकीच्यांना जिन्यात बसवलं. भिंतीवर चादर टांगून तिला पडदा म्हटलं. पाहुणे आत आल्यावर दुसऱ्या भावाला उंबऱ्यावरच उभं राहावं लागलं. कप पुरेनात म्हणून चहा दोन फेऱ्यांत झाला.

"किचन कुठंशी हाय?" बलभीमरावांनी गुडघे छातीशी घेऊन विचारलं.

"तुम्ही बसलाय ते."

"आन हॉल?"

"तुम्ही उठलासा की हॉल."

बलभीमरावांच्या कपाळाला आठी पडली. जिन्यात बसलेल्या आठ जणांनी श्वास रोखला. "भाडं किती?" त्यांनी विचारलं. प्रेमनं मान खाली घालून खरं ते सांगितलं. बलभीमरावांची आठी गेली. त्यांनी भिंतीला हात लावून बघितला, जसा माणूस देवळाच्या खांबाला लावतो. "एवढ्याश्या जागंला एवढं?" ते भावांना म्हणाले. "म्हंजे वस्ती लई भारी हाय." ईटला त्यांच्या दोन बैलांना याहून मोठा गोठा होता, पण बैल मुंबईत नव्हते.

लग्न थाटात झालं. मग प्रश्न आला की नवरी राहणार कुठं. खोलीत बायकांना मनाई होती, आणि नसती तरी गादी दोनपर्यंतच प्रेमची होती. बलभीमरावांनी समजूतदारपणानं तोडगा काढला: फ्लॅट होईपर्यंत लेक सासरी राहील. अशा रीतीनं जी मुलगी येरमाळ्याला द्यायची नाही असं ठरलं होतं, ती मुंबईला दिली गेली आणि येरमाळ्याला राहायला आली.

दीपालीनं आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला होता. बलभीमरावांनी तिच्या फॉर्मात ते न लिहिता 'छंद: रांगोळी' असं लिहिलं होतं. आठ दिवस ती घरात बसली. नवव्या दिवशी सिताबाईंना म्हणाली, "आत्या, दुकानाची चावी द्या."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"मोटार चालली तर काय बी म्हणत न्हायती."

पहिले चार दिवस लोक बघायला आले, पाचव्या दिवसापासून मोटारी घेऊन आले. उन्हाळा लागला, लाइट कमी-जास्त व्हायला लागली आणि मोटारी पटापटा जळू लागल्या. एका दुपारी दीपालीनं खोलीवर फोन लावला. प्रेम नुकताच पाळीवरून उठला होता.

"पंधरा मोटारी पडल्यात. एकटीच्यानं व्हईना," ती म्हणाली. "तुम्ही तिकडं करता तरी काय?"

"बटण दाबतो," प्रेम म्हणाला.

दीपालीनं हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाली, "अहो, या की मग घरी."

तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.  लग्नाला पाच महिने झाले होते आणि बायकोशी त्याचं सगळं मिळून नऊ दिवस बोलणं झालं होतं. त्यानं पिशवी भरली आणि निघाला.

दीपाली सोडली तर घरी त्याचं स्वागत फक्त बिराप्पांनी आणि मेंढरांनी केलं. सिताबाई तोंडावर पदर घेऊन बसल्या. "बाळा, मोनिकाचं व्हायचंय अजून. भाऊ मुंबईत हाय म्हणून पोरीला स्थळं येत्यात. तू असा उठून आलास तर आमी तोंड काय दाखवावं?" मोनिका ही प्रेमची धाकटी बहीण. ती म्हणाली, "दादा राहू दे की गं हितंच." पण तिला कुणी विचारलं नव्हतं. बलभीमराव ईटहून गाडी करून आले आणि दारातूनच म्हणाले, "म्या लेक मुंबईला दिलीया. येरमाळ्याला द्यायची असती तर तवाच नसती का दिली?"

शेवटी प्रेम आणि दीपाली धाराशिवला व्यंकटरावांकडं गेले. रकाना सातमध्ये दुरुस्ती करून द्या, म्हणाले. व्यंकटरावांनी सगळ्या फायली काढल्या, झटकल्या, परत ठेवल्या. "मुंबईतून परत येण्याचा नमुनाच न्हाय. आजवर तसा अर्ज आलेला न्हाय."

"म्हंजे कुणी परत येतच न्हाय?" दीपालीनं विचारलं.

"येत्यात की. अर्ज करत न्हायती." मग ते प्रेमकडं वळले. "तुम्ही असं करा. तुम्ही परत आलाच न्हाय. रजेवर आलाय."

तेव्हापासून प्रेम रजेवर आहे. रोज सकाळी दुकान उघडतो. गिऱ्हाईक विचारतं, "कवा आलास?" प्रेम म्हणतो, "काल." गिऱ्हाईक विचारतं, "जाणार कवा?" प्रेम म्हणतो, "परवा." मग मोटार खाली उतरते. याला आता तीन वर्षं होत आली. पत्ता टिकावा म्हणून कल्याणप्पाला गादीचे पैसे वेळेवर जातात आणि त्या गादीवर भूमचा एक होतकरू वर झोपतो. मुंबईला यातलं काही जाणवलेलं नाही. येरमाळ्यात मात्र प्रेमच्या ध्यानात आलं की समोरचा किराणावालाही मागच्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीपासून रजेवर आहे आणि टायरवाला तर कोरोनाच्या आधीपासून. गावच्या येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेला रजेवरचे असे चौदा जण एकाच टपरीवर भेटले. सगळे परवा जाणार होते.

यंदा मोनिकाला माकणीचं स्थळ आलं. मुलगा कृष्णराज. धरणालगत जमीन, बारा म्हशी, दूध स्वतः गाडीनं लोहाऱ्याला पोचवतो. बरोबर त्याची आत्या द्वारकाबाई होती. मुलगा मोजकं आणि नीट बोलत होता. मोनिकानं त्याला तुमच्या म्हशींना नावं दिलीत का असं विचारलं, तेव्हा त्यानं बाराही सांगितली, आणि ती हसली. मोनिका पडद्याआड जाऊन आईला म्हणाली, "मला माकणी चालतीया." पण मुलीच्या पसंतीला फॉर्मात जागा नव्हती.

"मुलगा चांगला हाय," बलभीमराव वडीलधाऱ्याच्या जागेवरून म्हणाले. "पण असतो कुठं? माकणीला."

बैठक गार पडली. द्वारकाबाईंनी पिशवी जवळ ओढली. तेव्हा कृष्णराजनं प्रेमकडं बघितलं. पोरगं खरोखर अडचणीत पडलेलं दिसत होतं.

"दादा, तुम्ही तिथं राहता. तुम्हीच सांगा. म्हशी सोडून मुंबईला जावं का? परवडतं का?"

प्रेमच्या तोंडात उत्तर तयार होतं. दोन शब्दांचं होतं. खाकरणारा माणूस, चुकीची तार, पाच महिन्यांत नऊ दिवस बोललेली बायको, सगळं त्याला आठवलं. दीपाली दारात उभी राहून त्याच्याकडंच बघत होती. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात सिताबाईंनी ताट जरा जोरात खाली ठेवलं.

"लई भारी हाय," प्रेम म्हणाला. "समुद्र हाय."

दीपाली आत निघून गेली. 

कृष्णराजनं म्हशी चुलत्याच्या दावणीला बांधल्या आणि महिन्याच्या आत मुंबई गाठली. कल्याणप्पाचा नंबर प्रेमनंच दिला. रकाना बदलला, बलभीमरावांनी मान डोलावली, सुपारी फुटली. फ्लॅट होईपर्यंत मोनिकानं माकणीला सासरी राहायचं, असंही त्याच बैठकीत ठरलं.

"मग मी तवाच माकणीला गेले असते की," मोनिका म्हणाली.

"तवा गेली असतीस तर माकणीला दिली असं झालं असतं," सिताबाईंनी समजावलं. "आता मुंबईला दिली असं झालं."

या प्रकरणात प्रेमला दोष देण्याची वाचकांना मुभा आहे. फक्त त्याआधी एक करावं. आपल्या घरच्या मुलीसाठी शेवटचं स्थळ आलं, तेव्हा आपण पहिला प्रश्न कोणता विचारला ते आठवावं. 'मुलगा कुठं असतो?' हा विचारला होता, ते नक्की आहे. 'मुलगा कसा आहे?' हा नंतर विचारला होता का, तेवढं घरच्यांना विचारून बघावं.