आंबील आणि आसिफाबाद

मोठ्या साहेबांनी विचारलं, "आप्पाराव, गोल्फ खेलते?" आणि आप्पाराव पेशकार म्हणाले, "जी हुजूर." झालं एवढंच. पुढचं सगळं त्या दोन शब्दांच्या पोटातून निघालं.

आता निंबर्ग्याच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसानं गोल्फ कुठला खेळलेला असणार? पण निजामाच्या अमलात साहेबाच्या प्रश्नाला 'न्हाई' हे उत्तरच नसायचं. शिवाय बीदरच्या कचेरीत तेव्हा एक बातमी फिरत होती. इथला एक पेशकार, म्हणजे कारकून, आसिफाबादेला जाणार, आणि कोण जाणार ते साहेब ठरवणार. आसिफाबाद म्हणजे जंगल, ताप, तेलुगू आणि वाघ. (वाघाचं आप्पारावांना तेवढं काही वाटत नव्हतं. वाघाशी तेलुगूत बोलावं लागत नाही.) खरी भीती घरात होती. वच्छलाबाईंनी भाकरी थापता थापता सांगून टाकलं होतं, "तुमी जावा खुशाल. म्या जनवाड्याला आईपाशी ऱ्हाते." वच्छलाबाई बोलायच्या कमी आणि बोललेलं मागं घ्यायच्या त्याहून कमी. एवढ्या वर्षांच्या संसारात आप्पारावांनी स्वतःच्या हातानं रांजणातलं पाणी घेतलं नव्हतं. आसिफाबादेत रांजण कुठं असतो हे तरी कोण दाखवणार?

कचेरीतल्या दुसऱ्या पेशकारानं, रामकिशननं, यावर वेगळाच उपाय काढला होता. साहेब दिसले की तो दप्तरांच्या ढिगामागं बसायचा. "दिसलोच न्हाई तर धाडतेल कुणाला?" असं त्याचं म्हणणं. आप्पारावांना हे भित्रेपणाचं वाटलं. त्यांचा बेत मर्दानी होता. साहेबांच्या इतकं जवळ जायचं, की आपल्यावाचून त्यांना करमू नये.

गावाबाहेर लाल मुरमाच्या पठारावर साहेबांनी गोल्फचं मैदान आखून घेतलं होतं. गवत नावाला नाही. चेंडू जिथं पाडायचा त्या खड्ड्याभोवती तेल शिंपडलेली वाळू, बाकी सगळा मुरूम आणि सराटे. पहिल्या जुम्म्याला, सुट्टीच्या दिवशी, आप्पारावांनी धोतराचा काचा मारला, काठी उचलली आणि डोळे मिटून हाणली. चेंडू असा सरळ गेला की साहेब "वल्लाह" म्हणाले. दुसऱ्या माऱ्याला काठी मुरमावर आदळून ठिणग्या उडाल्या. तिसऱ्याला चेंडू होता तिथंच राहिला आणि आप्पारावच स्वतःभोवती फिरून आले. चौथा चेंडू मागं गेला. मागं साहेब होते.

"सर नीचे, नजर गेंद पे, और आहिस्ता," साहेब गुडघा चोळत म्हणाले. मनाचा मोठा माणूस. त्यांनी एक काठी आणि एक चेंडू घरी न्यायला दिला. "मश्क कीजिए. महिन्याभरात मला जोडीदार पाहिजे."

आप्पाराव विचारी माणूस. काठी खांद्यावर टाकून घरी येताना ते एकच विचार करत होते. तीच काठी, तोच चेंडू, मारणारा बापही तोच, मग मारा दर खेपेला निराळा कामून? (हा प्रश्न त्यांना आयुष्याबद्दलही पडायचा, पण तिथं निदान कुणाचा गुडघा नव्हता.)

दुसऱ्या दिवसापासून अंगणात मश्क, म्हणजे सराव, सुरू झाली. काठी पुढं येताना नीट यायची, पण मागं जाताना कुठं जाते याच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. कारण नजर गेंदपे. पहिल्या दिवशी ती वाळत घातलेल्या लुगड्यात गेली. दुसऱ्या दिवशी ओसरीवरच्या लोणच्याच्या बरणीत. कैरीच्या फोडी आणि तेल भिंतीवरून ओघळायला लागलं तसं वच्छलाबाई बाहेर आल्या.

"काय करायलाव?"

"मश्क."

"कशाची?"

"बदली टाळायची."

वच्छलाबाईंनी भिंतीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. "मग हितं कामून? आसिफाबादेला जाऊन करा. तितं माजं लोनचं न्हाई."

म्हणून येळवशीला जनवाड्याला जाताना आप्पारावांनी काठी बैलगाडीत गवताखाली लपवून घेतली. सासूबाईंचं शेत मोठं, तिथं बरणी नाही, लुगडं नाही. येळवस म्हणजे त्या मुलखातला मोठा सण. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांना पुजायचं आणि मग रानात बसून ताकातली आंबील, बाजरीचे उंडे आणि ओल्या दाण्यांची भज्जी, म्हणजे मिसळीची भाजी, पोट फुटेस्तोवर खायची. इतर दिवशी बाजरीची भाकरी मोजून खाणारी माणसंही त्या दिवशी मोजत नाहीत.

पूजा व्हायच्या आधीच आप्पाराव तुरीच्या पलीकडं गेले. मान खाली, नजर गेंदपे. काठी वर नेली तोवर सगळं ठीक होतं. ती खाली येताना मात्र त्यांना आसिफाबाद दिसलं, रिकामी चूल दिसली, आणि त्यांनी घाई केली. चेंडू आडवा गेला, बांधावर आपटला आणि थेट कोपीत शिरला.

आप्पाराव पळत येईपर्यंत राजूबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ओळीनं हळदी-कुंकू लावत आणलं होतं. म्हातारीला दिसायचं कमी. पांढरं दिसलं ते तिनं पुजलं.

"मामी, त्यो चेंडू हाय," आप्पाराव म्हणाले. "साहेबाचा."

"साहेबाचा असंल न्हाईतर निजामाचा. पुजल्यालं हाय आता. निवद झाल्याबिगर हालवायचं न्हाई."

"पर पांडव पाचच की."

राजूबाईंनी चेंडूवर दोन अक्षता टाकल्या. "मग त्यो कर्ण समजा. त्यो बी पोरगाच व्हता कुंतीचा. बसा जेवायला, जावईबापू."

मग निवद झाला, रानाभोवती आंबील शिंपडून चांगभलं झालं, आणि चेंडूची वाट बघत आप्पाराव जेवायला बसले. जावई आणि तोही वाट बघत बसलेला, म्हटल्यावर राजूबाईंनी हात आखडता घेतला नाही. भज्जीवर भज्जी, उंड्यावर उंडा, आणि वरून लोटाभर आंबील. नको म्हणायला तोंड रिकामं लागतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा कर्ण त्यांच्या ताब्यात आला. आप्पाराव कसेबसे उभे राहिले. काठी वर नेली. आता घाई करायची म्हटलं तरी अंगात घाई नव्हती. कंबर हलेना, मान वर होईना, आणि आसिफाबाद आठवायला डोक्यात जागाच उरली नव्हती. काठी आपल्या वजनानं खाली आली. चेंडू तुरीवरून, बांधावरून, ओढ्यावरून पलीकडं गेला, आणि तो आणायला आप्पारावांना चालत जायला इतका वेळ लागला की मधेच त्यांची एक झोप झाली. परत मारला तरी तसाच. पुन्हा तसाच.

गाडीत परतताना ते विचार करू लागले. माणूस उपाशीपोटी जपून, विचार करून मारतो ते वाकडं जातं, आणि भरल्या पोटी काहीच मनात नसताना मारतो ते सरळ. मग आपण इतकी वर्षं कचेरीत जपून जे जे केलं ते कुठं गेलं असेल? उत्तर सापडायच्या आत ढेकर आली.

पुढच्या जुम्म्याला त्यांनी सकाळीच वच्छलाबाईंकडून भज्जी आणि आंबील करून घेतली आणि पोट सांभाळत मैदानात गेले. त्या दिवशी पेशकार आप्पाराव जे खेळले त्याच्या गोष्टी पठारावरच्या गुराख्यांनी पुढं पुष्कळ दिवस सांगितल्या. (एक चेंडू थेट किल्ल्यात पडला म्हणतात. मी पाहिलेला नाही, पण किल्ला अजून आहे.)

साहेबांनी चेंडू हातात घेऊन पाहिला. "ये लाल क्या है?"

आप्पारावांनी सगळं खरं सांगितलं. साहेब पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी कुणालाही न विचारता आप्पारावांनी आंबिलीचा गडू त्यांच्या बंगल्यावर पोचवला, आणि त्यानंतर रोज बंगल्यावरून रिकामा गडू परत यायला लागला, भरून नेण्यासाठी.

मग एके दिवशी साहेबांनी आप्पारावांना आत बोलावलं. दप्तरांच्या ढिगामागून रामकिशनचे कान तेवढे दिसत होते.

"मुबारक हो, आप्पाराव. आसिफाबादेला मीच चाललोय. एक माणूस बरोबर न्यायची इजाजत आहे. तुम्हाला नेतो."

आप्पारावांच्या डोळ्यांपुढं वाघ, ताप आणि रिकामी चूल एकदम उभी राहिली. महिनाभर जी आग विझवायला ते धावत होते ती त्यांनीच फुंकून पेटवली होती. त्यांनी हात जोडले. "हुजूर, मी तर हुकमाचा ताबेदार. पण आमच्या घरातली हा मुलूख सोडायची नाही. ती जनवाड्याला राहणार."

साहेबांचा चेहरा पडला.

"बीबी नहीं आतीं?"

"नहीं, हुजूर."

"तो फिर," साहेब हळूच म्हणाले, "आप आके क्या करेंगे? आंबील कोण करणार? तुम्ही राहा इथंच. रामकिशनला पाठवा आत."

आप्पाराव घरी आले आणि ओसरीवर बसून राहिले. जे मागितलं होतं ते मिळालं होतं. बदली टळली, घर राहिलं. तरी मन खट्टू होतं. इतका सरळ मारा साधला, आणि साहेबांना हवा होता तो गडू.

वच्छलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. "ऱ्हायलाव की मग हितंच. तोंड कामून पाडलंय?"

त्यांनी सांगितलं.

"म्हंजे साहेब माज्या आंबिलीसाठी नेऊ म्हनत व्हते?"

"व्हय."

"आन तुमी मला न इचारताच न्हाई म्हनून आलाव?"

"तूच म्हनली व्हतीस की, येत न्हाई म्हनून."

"ते तुमच्यासंगं," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि तांब्या उचलून आत गेल्या.